‘लेकापाशी राहते’ म्हणजे नेमकं काय? म्हातारपण, घर आणि तब्येत यांवर संशोधन करताना



पेट झाली, कोर्सवर्क सुरू होणार आहे आणि ‘ज्येष्ठ नागरिकांचं आरोग्य’ हा विषय डोक्यात आहे, असं तुमच्यापैकी बरेच जण कळवतात. विषय चांगला आहे. पण सिनॉप्सिस वाचायला घेतली की पहिल्याच पानावर एक वाक्य हमखास सापडतं : ‘एकटे राहणारे वृद्ध आणि कुटुंबात राहणारे वृद्ध यांच्या आरोग्याचा तुलनात्मक अभ्यास.’ माझ्याही सिनॉप्सिसमध्ये ते होतं. आज ह्याच वाक्यात किती खड्डे आहेत ते सांगते, म्हणजे ज्या खड्ड्यात मी पडले त्यात तुम्ही पडणार नाही.

आधी एक घर बघू

चारठाणा, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. गावाचं नाव काढलं की लोकांना तिथली जुनी मंदिरं आणि दीपमाळ आठवते. मी गेले होते प्रश्नावलीच्या पायलटसाठी.

एका आजीला विचारलं, “आजी, तुम्ही कोणापाशी राहता?”

“लेकापाशी.”

मी फॉर्मवर ‘मुलासोबत’ पुढे टिक केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. बीपी बघितलं, गुडघ्यांचं विचारलं, झोपेचं विचारलं. निघताना आजी म्हणाल्या, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. चहा ठेवला तो अंगणाच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत, स्वतःच्या चुलीवर. मोठ्या घराकडे बघून मी विचारलं, “जेवण तिकडं नसतं का?”

“चूल येगळी हाय बाई. वाटण्या झाल्या तवापासून.”

गोळ्या कोण आणून देतं विचारलं, तर शेजारचा पोरगा. रात्री बरं नाही वाटलं तर? “हाक मारते की. आली ऐकू तर येतेत.”

आता सांगा, ही बाई कोणासोबत राहते? तिच्या मते लेकापाशी. माझ्या फॉर्मवर ‘कुटुंबात’. आणि आपल्या जनगणनेच्या व्याख्येनं बघितलं तर ती बहुधा एकटी, कारण तिथे कुटुंब म्हणजे सर्वसाधारणपणे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. पण टेबलात रकाना एकच होता, आणि मी तिला सुरक्षित बाजूला टाकून मोकळी झाले होते. दुपारी चक्कर येऊन पडली तर संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही अशी बाई माझ्या डेटात ‘कुटुंबाचा आधार असलेली’ होती.

गाईडनी फॉर्म परत केला. बरं झालं केला.

निवड नेमकी कशाची?

ह्या विषयावरचं बरंचसं वाचन तुम्हाला परदेशातलं मिळेल. तिथे पर्याय असे मांडलेले असतात : स्वतःच्या घरी राहणं, ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीत जाणं, शुश्रूषागृहात जाणं. पुण्यात ‘अथश्री’सारखे ज्येष्ठांचे गृहप्रकल्प आहेत, त्यामुळे शहरी मध्यमवर्गाच्या बाबतीत ही मांडणी थोडीफार लागू पडते. वृद्धाश्रमही आहेत. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यात राज्यांनी जिल्ह्याला किमान एक, निराधार ज्येष्ठांसाठी १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभा करावा असं म्हटलंय.

पण चारठाण्यासारख्या गावात ही यादी घेऊन गेलात तर शंभरातले जवळजवळ शंभर लोक ‘स्वतःच्या घरी’ ह्या एकाच खणात पडतील. मग तुलना कशाची करणार? इथले खरे फरक घराच्या आत आहेत. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात तुम्हाला निदान हे प्रकार दिसतील :

- एक घर, एक चूल. आई-बाप, मुलगा-सून, नातवंडं एकत्र.
- एक अंगण, दोन चुली. वर सांगितलेल्या आजींसारखं. कधी शिधा मुलाकडून येतो, कधी तोही नाही.
- पाळी. महिना मोठ्याकडे, महिना धाकट्याकडे. किंवा आई एकाकडे आणि बाप दुसऱ्याकडे. म्हणजे नवरा-बायको दोघंही जिवंत, दोघंही ‘कुटुंबात’, पण एकमेकांपासून वेगळे.
- हंगामी. मुलगा-सून ऊसतोडीला जातात आणि मागे म्हातारी माणसं व शाळेतली लेकरं उरतात.
- लेकीकडे. गावात अजूनही ह्याला लोक चटकन नाव ठेवतात, त्यामुळे ‘दवाखान्यासाठी आले’ असं सांगून वर्षभर राहिलेलेही असतात.
- फक्त दोघं, किंवा अगदी एकटं.

यातलं ‘हंगामी’ नीट समजून घ्या. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे जावंच लागतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास गेलेली माणसं मार्च-एप्रिलमध्ये परततात. आता तुम्ही त्या घरी मे महिन्यात गेलात तर तीन पिढ्यांचं भरलं घर दिसेल. डिसेंबरात गेलात तर एक आजी आणि दोन नातवंडं दिसतील. घर तेच. आणि डिसेंबरात ती आजी सांभाळली जात नसते, तीच सांभाळत असते : पाणी, स्वयंपाक, शाळा, लेकराचा ताप, सगळं. ‘नातवंडांसोबत राहते’ ह्या शब्दांवरून यातलं काहीच कळत नाही.

म्हणून पहिला धडा : सर्व्हे कोणत्या महिन्यात केला हे तुमच्या निष्कर्षाचा भाग आहे. तो मेथडॉलॉजीच्या प्रकरणात पुरून टाकू नका.

दिसतं तसं नसतं : निवडीचा घोटाळा

आता सगळ्यात मोठा खड्डा. समजा तुम्ही सर्व्हे केला आणि निघालं की एकटे राहणारे ज्येष्ठ जास्त ठणठणीत आहेत आणि मुलांकडे राहणारे जास्त आजारी. लगेच लेख लिहायचा का, की मुलांकडे राहिल्यानं तब्येत बिघडते?

थोडं गणित करू. आकडे काल्पनिक आहेत, फक्त समजण्यासाठी. एका गावात १०० आज्या आहेत आणि सगळ्या एकट्या राहतात. त्यातल्या २० जणींना चालायला त्रास आहे, ८० जणी ठीक आहेत. वर्षभरात त्या २० पैकी १५ जणींना मुलं आपल्याकडे घेऊन गेली, कारण त्यांना एकटं राहणं जमेना. बाकी काहीच बदललं नाही. कुणी बरं झालं नाही, कुणी आणखी आजारी पडलं नाही.

आता वर्षाच्या शेवटी तुम्ही सर्व्हेला गेलात :

- एकट्या राहणाऱ्या : ८५. त्यात चालायला त्रास असलेल्या ५, म्हणजे जवळपास ६ टक्के.
- मुलांकडे राहणाऱ्या : १५. त्यात चालायला त्रास असलेल्या १५, म्हणजे १०० टक्के.

टेबल बघून वाटेल, मुलांकडे राहणं म्हणजे केवढा धोका! प्रत्यक्षात आजारपण आधी आलं आणि घर नंतर बदललं. ह्याला उलटा कार्यकारणभाव म्हणतात. आणि घर कोण बदलणार हे तब्येतीवर ठरत असल्यामुळे जे दोन गट तयार होतात ते मुळातच सारखे नसतात, त्याला निवडदोष म्हणतात.

याच्या बरोबर उलटंही होतं. ज्या म्हाताऱ्या माणसाकडे जमीन नावावर आहे, पेन्शन आहे, त्याला ठेवून घ्यायला तीन मुलं तयार असतात. ज्याच्याकडे काहीच नाही तो एकटा पडतो. अशा ठिकाणी ‘एकटे’ गट जास्त आजारी दिसेल, पण त्यामागे एकटेपण किती आणि गरिबी किती हे वेगळं काढता येणार नाही. गावात हे दोन्ही प्रवाह एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे आकडा कुठल्या बाजूला झुकेल ते सांगता येत नाही. व्हायवाला बाहेरचे परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात.

मग करायचं काय?

औषधाच्या किंवा व्यायामाच्या बाबतीत सरळ उपाय असतो : चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे. अमेरिकेत ‘लाइफ’ नावाचा अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ७० ते ८९ वयाचे, बैठं आयुष्य असलेले १,६३५ लोक घेतले. अर्ध्यांना चालणं, ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम दिले, अर्ध्यांना आरोग्याची व्याख्यानं. सरासरी २.६ वर्षांनी बघितलं तर ४०० मीटर चालता न येण्याची वेळ व्यायामाच्या गटात सुमारे ३० टक्के लोकांवर आली होती, दुसऱ्या गटात सुमारे ३५.५ टक्के लोकांवर. गट चिठ्ठीनं पडले होते, म्हणून फरक व्यायामाचा आहे असं धीटपणे म्हणता येतं. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोलाचे व ताकदीचे व्यायाम सांगते, त्यामागे अशाच अभ्यासांचं बळ आहे.

पण कोणती आई कोणत्या मुलाकडे राहील ह्याच्या चिठ्ठ्या आपण टाकू शकत नाही. म्हणून दुसरा मार्ग : त्याच माणसाकडे पुन्हा पुन्हा जायचं. आधी तब्येत बिघडली की आधी घर बदललं, हा क्रम कळला की अर्धं भांडण मिटतं.

भारतात ह्यासाठीच ‘लासी’ हा अभ्यास सुरू झाला. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांबरोबर तो हाती घेतला. पहिली फेरी २०१७-१८ ची, ४५ आणि त्यापुढच्या वयाचे ७२ हजारांहून जास्त लोक, त्यात साठीपुढचे ३१ हजारांहून जास्त. नुसते प्रश्न नाहीत, तर हाताची पकड, चालण्याचा वेग, तोल, बीपी हे प्रत्यक्ष मोजलंय. डेटा विद्यार्थ्यांना अर्ज करून मिळतो, पैसे लागत नाहीत. साठीपुढच्यांमध्ये अगदी एकटे राहणारे शंभरात सहाच्या आसपास निघाले.

दोन सावधगिऱ्या. एक, लासीचा नमुना राज्यासाठी आहे. त्यातून परभणी जिल्ह्याचा आकडा काढून ‘जिल्ह्यातील ज्येष्ठांची स्थिती’ असं शीर्षक देऊ नका. दोन, एकाच फेरीचा डेटा वापरत असाल तर ‘परिणाम’ हा शब्द टाळा. ‘संबंध आढळला’ एवढंच लिहा. हा शब्दांचा खेळ वाटेल, पण ह्याच एका शब्दावरून माझा मसुदा दोनदा परत आलाय.

मापं गावात नेताना

तब्येत मोजायची तयार मापं आहेत. काट्झ यांचं १९६३ चं माप रोजच्या मूलभूत कामांचं : आंघोळ, कपडे, संडास, उठणं-बसणं, लघवी-संडासवर ताबा, खाणं. लॉटन आणि ब्रॉडी यांचं १९६९ चं माप जरा पुढच्या कामांचं : फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशांचा व्यवहार. दोन्ही उपयोगी आहेत. पण जशीच्या तशी भाषांतर करून नेलीत तर घात होतो.

“आजोबा, स्वयंपाक स्वतःचा स्वतः करता येतो का?” “नाही.” आता हे ‘नाही’ आजारपणाचं आहे की आयुष्यात कधी चुलीपुढे बसलेच नाहीत म्हणून आहे? लॉटन-ब्रॉडींनाही हा प्रश्न पडला होता, म्हणून मुळात पुरुषांसाठी स्वयंपाक, घरकाम आणि धुणं मोजत नसत. तुम्ही दोन प्रश्न करा : ‘करता का?’ आणि ‘करायची वेळ आली तर जमेल का?’

खुर्चीवरून उठण्याची चाचणी घ्या, पण घरात खुर्ची नसेल तर? ज्यांचं बसणं, जेवणं, निवडणं-टिपणं आयुष्यभर जमिनीवर झालंय त्यांना जमिनीवरून उठता येतं का, हे विचारायलाच हवं. तिथे आधी अडतं.

स्मरणशक्तीचं तर विचारूच नका. ‘आज तारीख काय?’ ह्याला एका आजोबांनी तारीख सांगितली नाही, पण तिथी बरोबर सांगितली, आणि ‘एकादशी परवा झाली’ हेही. मी शून्य गुण देणार होते! हाच प्रश्न हरियाणात बल्लभगडला काम करणाऱ्यांना पडला होता. तिथे न शिकलेल्या ज्येष्ठांसाठी जुनी इंग्रजी चाचणी बदलून हिंदी चाचणी तयार झाली आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. लिहिता-वाचता येणं म्हणजे शाबूत डोकं नव्हे, हे तिच्या मुळाशी आहे. तुमची चाचणी मराठवाड्यात वापरून तपासलेली आहे का, हे आधी बघा.

‘कोणासोबत’ फोडून विचारा

इतकं सगळं भोगून झाल्यावर मी ‘कोणासोबत राहता?’ हा एक प्रश्न काढून टाकला नाही, पण त्याच्याखाली हे लहान प्रश्न जोडले :

१. काल रात्रीचं जेवण कोणी केलं? कोणाच्या चुलीवर?
२. काल रात्री ह्या घरात कोण कोण झोपलं होतं? दिवाळीनंतर कोण असतं?
३. गेल्या वर्षात राहायची जागा बदलली का? किती वेळा? कोणी ठरवलं?
४. बीपी-शुगरच्या गोळ्या संपल्या तर आणायला कोण जातं? गेल्या महिन्यात किती दिवस गोळीविना गेले?
५. रात्री संडासला जायची वाट कशी आहे? दिवा आहे का? वर्षभरात पडलात का?
६. काल घरच्या किंवा बाहेरच्या कोणाशी निवांत बोलणं झालं का?
७. तुम्ही कोणाकोणाला सांभाळता?
८. हातात स्वतःचा पैसा किती येतो आणि तो कोण ठेवतं?

शेवटचा प्रश्न हलका समजू नका. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये खात्यात येतात, पण पासबुक कोणाच्या पिशवीत आहे यावर गोळ्या वेळेवर येतात की नाही हे ठरतं. तसंच एसटीचं. २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत आहे. त्यामुळे लेकीकडे जाणं, जिंतूरला डोळे दाखवायला जाणं हे कुणापुढे हात न पसरता जमू शकतं. ‘राहण्याची निवड’ म्हणतात ती अशा छोट्या गोष्टींतून बनते.

माझं म्हणणं थोडक्यात असं : घर कुणाला निरोगी ठेवत नाही. वेळेवर मिळालेलं जेवण, न चुकलेली गोळी, रोजची हालचाल, रात्रीचा दिवा, दोन शब्द बोलणारं माणूस आणि पडल्यावर लगेच लक्षात येणं, ह्या गोष्टी ठेवतात. त्या भरल्या घरात नसू शकतात आणि एकट्या खोलीत असू शकतात. तुमचा चल ‘घर’ नसून ह्या गोष्टी आहेत, असं एकदा ठरलं की अभ्यासाची दिशा आपोआप सुधारते. आणि फायदा असा की ह्यातल्या बहुतेक गोष्टी बदलता येतात. मुलाला गावी परत आणणं आरोग्य केंद्राच्या हातात नाही, पण दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम देणं आहे.

जाता जाता : विचारताना समोर कोण बसलंय?

आजी सुनेसमोर ‘समदं चांगलं हाय’ असंच म्हणणार. सून आजीसमोर तेच म्हणणार. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाचा : संमती समजावून घ्यायची, सही येत नसेल तर अंगठा आणि तटस्थ साक्षीदार, खाजगीपणा जपायचा. गावात खाजगीपणा म्हणजे बंद खोली नव्हे, ती मिळतही नाही. आजी शेळीला पाला टाकायला गेल्या की तिकडे जाऊन विचारा. आणि सुनेचंही ऐका. सगळ्यांचं करून तीच थकलेली असते, तिला खलनायिका ठरवून थिसिस पूर्ण होत नाही.

आणि एखाद्या घरात खरंच उपासमार किंवा मारहाण दिसली तर? आपण फक्त डेटा घ्यायला आलोय असं म्हणून उठू नका. त्याची तयारी आधीच लिहून एथिक्स कमिटीला द्या : आशाताईंना आणि आरोग्य केंद्राला कधी कळवणार, १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन कधी द्यायची, निर्वाह खर्चासाठी २००७ च्या कायद्याखालच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो हे कोणत्या शब्दांत सांगायचं. पण त्या माणसाला विचारल्याशिवाय काही करू नका. रात्री त्याच घरात झोपायचं असतं त्यांना, आपल्याला नाही.

त्या पहिल्या आजींकडे मी नवा फॉर्म घेऊन परत गेले. ‘कोणापाशी राहता?’ ह्याला त्यांचं उत्तर तेच होतं, “लेकापाशी.” ह्या वेळी मी ते तसंच लिहून घेतलं, कारण त्यांना तसं म्हणावंसं वाटतं हाही डेटा आहे. मग खालचे आठ प्रश्न विचारले. सातव्या प्रश्नावर त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “हे कुणी इचारलं नव्हतं.”

तुमच्या सिनॉप्सिसमधलं ते वाक्य आज काढून बघा. ‘कुटुंबात राहणारे’ ह्या शब्दांच्या पुढे कंसात नेमकं काय धरलंय ते लिहा. लिहिता आलं नाही, तर अजून गावात दोन चकरा मारायला वेळ आहे.